सांडपाण्यातली वीज आणि मागे उरणारा गाळ

नंदुरबार जिल्ह्यातले पाणी शेवटी कुठे जाते, ते एकदा नकाशावर बोट फिरवून पाहावे. शहाद्याची गोमाई प्रकाशाजवळ तापीला मिळते. नंदुरबारची शिवण नदीही तापीकडेच धावते. नवापूरची रंगावली उकाईच्या जलाशयाच्या दिशेने जाते. मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावलेली तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. तिच्यावरचे उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. धरणाच्या फुगवट्यात आपल्या जिल्ह्यातली आदिवासी कुटुंबे मासेमारी करतात आणि धरणाच्या खाली सुरत शहर हेच पाणी पिते.

आपल्यापैकी अनेकांचे नातलग सुरतेत आहेत. कुणाची फुफी तिथे राहते, कुणाचा भाऊ कापडाच्या कारखान्यात कामाला आहे, कुणाची मुलगी तिथे दिली आहे. म्हणजे आपल्या दुकानाचे, गॅरेजचे, कारखान्याचे सांडपाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत गेले, की ते आपल्याच माणसांच्या माठाकडे निघालेले असते. वाटेत ते विरळ होते, शहराच्या केंद्रात शुद्धही केले जाते. पण घाण टाकणारा आणि ती काढण्याचा खर्च सोसणारा असे दोघे वेगळे होतात, हे काही न्यायाचे नाही.

घाण जिथे तयार होते तिथेच ती काढता आली तर? अलीकडे या प्रश्नाला एक उत्तर वारंवार ऐकू येते : पाण्यातून वीज सोडा. हे उत्तर कितपत खरे आहे, कुणाच्या कामाचे आहे आणि त्याच्या नावाखाली फसवणूक कशी होते, ते या लेखात पाहू.

तुरटी सर्वांना ठाऊक आहे

पावसाळ्यात पाणी गढूळ आले की आपल्या आजी-नानी हंड्यात तुरटी फिरवत. थोड्या वेळाने माती खाली बसे आणि वरचे पाणी नितळ होई. असे का होते? गढूळ पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की ते आपल्या वजनाने लवकर खाली बसत नाहीत. शिवाय या कणांवर बहुधा ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात, जवळ येत नाहीत, म्हणून तासन्‌तास पाण्यात तरंगत राहतात.

तुरटीत ॲल्युमिनियम असते. ते पाण्यात उतरले की त्याचा धनभार कणांचा ऋणभार मारतो. त्याचबरोबर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पांढुरके, कापसासारखे पुंजके तयार होतात. कण त्या पुंजक्यांत अडकतात, जड होतात आणि तळाशी बसतात. दूध फाटल्यावर किंवा रक्त साकळल्यावर जसे घट्ट वेगळे होते, तसाच हा प्रकार.

विजेच्या पद्धतीत ॲल्युमिनियम तुरटीतून न येता सरळ धातूच्या पट्टीतून येते. पाण्यात ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या बुडवून त्या बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला जोडतात. धन टोकाला जोडलेली पट्टी, म्हणजे धनाग्र, हळूहळू विरघळते आणि तिचे आयन पाण्यात उतरतात. ऋणाग्रावर पाण्याचे अपघटन होऊन हायड्रोजन वायूचे बारीक बुडबुडे निघतात. पाण्यात पुंजके तयार होतात, घाण त्यांना चिकटते. काही पुंजके तळाशी बसतात, तर काही बुडबुड्यांबरोबर वर येऊन फेसासारखे तरंगतात. वरचा फेस काढायचा, खालचा गाळ काढायचा, मधले पाणी वेगळे घ्यायचे. या पद्धतीला इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणतात. आपण तिला विजेने घाण साकळण्याची पद्धत म्हणू.

आमच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकात विद्युत अपघटन हा शब्द येतो. उर्दू माध्यमाची मुले त्याला बर्क-पाशीदगी म्हणतात. बर्क म्हणजे वीज आणि पाशीदगी म्हणजे विखुरणे. मुलांना गंमत वाटते ती याची, की इथे वीज पट्टीला विखुरते आणि त्या विखुरलेल्या धातूमुळे घाण एकत्र येते.

प्रयोगशाळेतले दोन पेले

आम्ही हा प्रयोग शाळेत करून दाखवतो. नाल्याचे गढूळ पाणी दोन काचेच्या पेल्यांत घेतो. एकात तुरटी फिरवतो. दुसऱ्यात चिमूटभर मीठ टाकून ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकमेकींना लागणार नाहीत अशा उभ्या करतो आणि त्यांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडतो. खिडक्या उघड्या ठेवतो. घरातल्या प्लगची वीज या प्रयोगाला कधीही वापरायची नाही, हे आधी फळ्यावर लिहितो.

पहिल्या काही मिनिटांत एका पट्टीवर बुडबुडे दिसतात, बाकी काही नाही. मुले कंटाळतात. मग हळूहळू पाण्यात तांदळाच्या कणीएवढे पुंजके दिसू लागतात आणि वर मातकट फेसाचा थर जमतो. अर्ध्या तासाने बॅटरी काढून पाणी तसेच ठेवले आणि नंतर गाळणकागदातून गाळले, की ते तुरटीच्या पेल्यातल्या पाण्याइतकेच नितळ निघते. हाच प्रयोग पुन्हापुन्हा केला की धनाग्राच्या पट्टीला बारीक खड्डे पडतात. पट्टी झिजते ती अशी.

एका मुलीने विचारले, "मग घाण गेली कुठे?" या विषयात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. घाण कुठेही गेलेली नसते. ती गाळणकागदावर असते. वीज घाण जाळून टाकत नाही, ती फक्त गोळा करते. हे एकदा लक्षात ठेवले की पुढच्या सगळ्या गोष्टींचा उलगडा होतो.

सव्वाशे वर्षांहून जुनी कल्पना

ही पद्धत नवी असल्यासारखी सांगितली जाते, पण ती जुनी आहे. किती वीज सोडली तर किती धातू विरघळेल, याचे नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३०च्या दशकातच मांडले होते. लंडन शहराचे मैलापाणी टेम्स नदीत सोडण्यासाठी क्रॉसनेस येथे १८६५ मध्ये मोठे पंपघर सुरू झाले. त्याच क्रॉसनेसला १८८९च्या सुमारास विल्यम वेब्स्टर यांनी लोखंडाच्या पट्ट्यांमधून मैलापाणी सोडून ते विजेने साफ करून दाखवले. १९०९ मध्ये अमेरिकेत ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या पट्ट्या वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले. पण त्या काळी वीज महाग होती, पट्ट्या सारख्या बदलाव्या लागत आणि रसायने स्वस्त मिळू लागली. त्यामुळे पद्धत मागे पडली. वीज सहज मिळू लागल्यावर आणि सांडपाण्याचे कायदे कडक झाल्यावर तिची पुन्हा आठवण झाली.

आपल्या महाराष्ट्रात या शास्त्राचा उपयोग पिण्याच्या पाण्यासाठीही झाला आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दातांवर डाग पडतात आणि हाडे वाकतात. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने, जिची स्थापना १९५८ मध्ये झाली, आधी तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत दिली. पुढे याच संस्थेने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि सौरऊर्जा वापरून फ्लोराइड काढणारे संच तयार केले आणि मध्य भारतातल्या काही खेड्यांत ते चालवून पाहिले. तुरटीकडून पट्टीकडे होणारा हा प्रवास एकाच संस्थेच्या कामात दिसतो.

पेल्यातली फसवणूक

आता याच शास्त्राची काळी बाजू. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा एखादा माणूस दुपारी, घरात पुरुष नसताना येतो. टेबलावर दोन पेले ठेवतो. एकात तुमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. मग चार दांड्यांचे एक उपकरण प्लगला लावून दोन्ही पेल्यांत बुडवतो. मिनिटाभरात नळाचे पाणी हिरवट, मग तपकिरी, मग काळपट होते. वर घाणेरडा फेस येतो. यंत्राचे पाणी मात्र जवळजवळ जसेच्या तसे. "भाभी, हेच तुम्ही मुलांना पाजता," असे म्हटले की कोणत्या आईचे काळीज हलणार नाही? आमच्या ओळखीच्या घरांत असे पाहून हप्त्याने यंत्रे घेतली गेली आहेत.

आता पेल्यातल्या पाण्याचा हिशेब करा. त्या उपकरणात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या दांड्या असतात. वीज सोडताच लोखंड विरघळते आणि पाण्यात त्याचा गंज तयार होतो. जो रंग दिसतो तो दांडीतून आलेल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात थोडे नैसर्गिक क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते. आरओ यंत्राच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, त्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि दांडी विरघळत नाही. खरेखोटे करायचे असेल तर विक्रेत्याला सांगा, "तुमच्या यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग उपकरण लावा." तेही पाणी तितकेच घाण दिसेल. मीठ तर आपण रोज जेवणात खातो!

याचा अर्थ नळाचे पाणी नेहमीच चांगले असते असा नाही. ते चांगले आहे की नाही, हे त्या उपकरणावरून कळत नाही, एवढाच याचा अर्थ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य मानले जाते आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जाते. आपल्या पाण्यात किती क्षार आहेत, जंतू आहेत का, हे जाणून घ्यायचे तर नमुना भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा. गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारावे. यंत्र घ्यायचे की नाही, हे तपासणीचा कागद हातात आल्यावर ठरवावे.

कोणते पाणी, कोणता उपाय

विजेने साकळण्याची पद्धत काही प्रकारच्या घाणीवर फार चांगली चालते. बारीक माती, पाण्यात मिसळून गेलेले तेल आणि चरबी, कापडाचे बरेचसे रंग, काही जड धातू ही तिची शिकार. उलट पूर्ण विरघळलेले मीठ, नायट्रेट किंवा साखर ती फारशी काढू शकत नाही. जंतू काही प्रमाणात कमी होतात, पण पाणी पिण्यायोग्य झाले असे म्हणता येत नाही. त्यासाठी क्लोरिनसारखा वेगळा उपाय लागतो.

आपल्या जिल्ह्याकडे पाहा. नवापूर कुक्कुटपालनासाठी ओळखले जाते. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच आढळला होता, हे अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी तुर्कस्तानातल्या संशोधकांनी कोंबड्यांच्या कत्तलखान्यातील सांडपाण्यावर विजेची पद्धत वापरून पाहिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सेंद्रिय घाण कमी करण्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सरस ठरल्या आणि तेल-चरबी काढण्यात लोखंडाच्या. आपल्या समाजातल्या कित्येक कुटुंबांची रोजीरोटी चिकन आणि मटणाच्या दुकानांवर चालते. दुकान धुतलेल्या पाण्यात रक्त, चरबी आणि पिसांचे तुकडे असतात. ते गटारात गेले की कुजते, वास सुटतो, शेजारी नाक मुरडतात आणि त्यातून भांडणेही होतात.

अशा दुकानदाराने उद्याच विजेचे यंत्र आणावे, असे आम्ही म्हणणार नाही. आधी स्वस्त उपाय करावेत. पिसे आणि तुकडे अडवायला मोरीवर बारीक जाळी हवी. रक्त शक्यतो वेगळ्या भांड्यात गोळा करावे, पाण्यात सोडू नये. मोरीपुढे चरबी अडवणारी दोन कप्प्यांची टाकी बांधावी. चरबी वर तरंगते, खालचे पाणी पुढच्या कप्प्यात जाते आणि वरची चरबी ठरावीक दिवसांनी काढता येते. एवढ्याने बरीच घाण कमी होते. एका ओळीत आठ-दहा दुकाने असतील आणि सगळ्यांचे पाणी एका टाकीत येत असेल, तरच विजेच्या संचाचा विचार करण्यात अर्थ आहे. एकट्या दुकानदाराला तो परवडणारही नाही आणि त्याच्याकडून त्याची निगाही राहणार नाही.

दुसरी जागा म्हणजे गाड्यांचे सर्व्हिसिंग सेंटर आणि धुलाई केंद्र. सुरत-धुळे महामार्गावर अशी केंद्रे बरीच दिसतात. डिटर्जंटमुळे ऑइल पाण्यात असे मिसळते की ते वर तरंगत नाही, साध्या टाकीत वेगळे होत नाही. अशा पाण्यावर ही पद्धत उपयोगी आहे आणि साफ झालेले पाणी पुन्हा गाड्या धुवायला वापरता येते. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्याला त्याचे मोल सांगायला नको. तिसरी जागा म्हणजे कापड रंगवण्याचे छोटे कारखाने. इथे रंगाच्या जातीप्रमाणे परिणाम बदलतो, म्हणून नमुन्यावर चाचणी केल्याशिवाय यंत्र घेऊ नये.

आणि मशिदीतले वुजूचे पाणी? त्याला विजेची गरजच नाही. त्यात साबण नसतो, तेल नसते, असते ती थोडी धूळ. वाळू आणि खडीचा थर असलेल्या टाकीतून ते सोडले तर अंगणातल्या झाडांना खुशाल देता येते, किंवा शोषखड्ड्यात मुरवता येते. दिवसातून पाच वेळा वुजू होतो. शुक्रवारी तर किती पाणी गटारात जाते, याचा हिशेब मशिदीच्या एखाद्या तरुणाने महिनाभर मांडून पाहावा. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण लहानपणापासून आपण ऐकतो. नळ बारीक करणे हा पहिला उपाय, ते पाणी झाडाला देणे हा दुसरा.

एका पिंपाचा हिशेब

आकड्यांशिवाय गोष्ट अपुरी राहील. फॅरेडेच्या नियमाने एक अँपिअर वीज एक तास सोडली तर ०.३३६ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळते. लोखंड असेल तर सुमारे १.०४ ग्रॅम.

आता २०० लिटरचे एक पिंप घ्या. त्यातल्या मध्यम घाण पाण्याला लिटरमागे ५० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम लागते असे उदाहरणासाठी धरू. म्हणजे एकूण १० ग्रॅम. त्यासाठी १० अँपिअर वीज सुमारे तीन तास सोडावी लागेल. १२ व्होल्टवर हे केले तर खर्च होणारी वीज ०.३६ युनिट, म्हणजे अर्ध्या युनिटाहूनही कमी. ऐकायला हे स्वस्त वाटते. पण चिकनच्या दुकानाच्या पाण्याला याच्या कितीतरी पट धातू लागू शकतो. पट्ट्यांवर थर साचला की व्होल्टेज वाढवावे लागते आणि विजेचा खर्च चढतो. म्हणून पट्ट्या वरचेवर घासाव्या लागतात, दोन्ही टोके अधूनमधून उलटी जोडावी लागतात.

मुख्य गोष्ट पुढे आहे. १० ग्रॅम ॲल्युमिनियमपासून सुमारे २९ ग्रॅम हायड्रॉक्साइड तयार होते. हे फक्त कोरडे वजन. त्यात अडकलेली घाण वेगळी आणि पाणी तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे एका पिंपामागे वाडगे-दोन वाडगे चिकट गाळ हाती येतो. रोज अशी दहा पिंपे साफ करणाऱ्याकडे महिन्याच्या शेवटी गाळाचा ढीग जमतो.

या ढिगाचे काय करायचे? तो रात्री गुपचूप नाल्यात टाकला तर दिवसभर जाळलेली वीज आणि झिजवलेल्या पट्ट्या फुकट गेल्या. उलट विरळ घाण दाट करून एकाच जागी टाकली, असे झाले. गाळ आधी वाळूच्या थरावर वाळवावा. त्यात ऑइल, रंग किंवा जड धातू असतील तर तो कचरा धोकादायक ठरू शकतो. २०१६च्या नियमांप्रमाणे असा कचरा अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. नंदुरबारहून ही सगळीच दूर. म्हणून छोट्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन गाळ पाठवण्याची सोय केली तरच ते परवडेल.

जिवाला जपून

इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून मुले घरी प्रयोग करतात. काही गोष्टी घरातल्या मोठ्यांनी जाणून घ्याव्यात. ऋणाग्रावर निघणारा हायड्रोजन पेट घेतो. बंद खोलीत, झाकलेल्या भांड्यात हा प्रयोग करू नये आणि जवळ आगकाडी पेटवू नये. पाण्यात मीठ जास्त असेल तर क्लोरिन वायू निघून घसा आणि डोळे जळजळतात. स्टीलचे चमचे पट्ट्या म्हणून वापरणे सर्वांत वाईट. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असते. ते विरघळून पाण्यात विषारी रूपात उतरू शकते. आणि घरच्या प्लगची वीज पाण्यात सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. बॅटरी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, उघडी खिडकी आणि शेजारी मोठे माणूस, यापैकी एकही गोष्ट नसेल तर प्रयोग करू नये.

साफ दिसणे आणि पाक होणे

साफ केलेल्या सांडपाण्याने वुजू होईल का, असे आम्हाला विचारले जाते. मसला सांगणे हे शिक्षकाचे काम नाही. ते आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावे. एवढे मात्र नोंदवतो की १९७८ मध्येच सौदी अरेबियातल्या वरिष्ठ उलेमांच्या परिषदेने या प्रश्नाचा विचार केला होता. सांडपाणी नीट शुद्ध होऊन त्याचा रंग, वास आणि चव यांत नजासतीची खूण उरली नाही, तर ते पाणी पाक मानता येते, असा त्यांचा निर्णय होता. त्याचबरोबर ते आरोग्याला अपायकारक नसावे, हेही त्यात पाहिले होते. विजेने पाण्याचा रंग जातो, वासही बराच जातो. पण डोळ्यांना न दिसणारे जंतू आणि क्षार उरतात. म्हणून अशा पाण्याचा योग्य उपयोग म्हणजे गाडी धुणे, फरशी धुणे, बांधकाम किंवा तपासणीनंतर झाडे. पिण्यासाठी नाही.

यंत्र घेण्यापूर्वी

एखादा व्यावसायिक असे यंत्र घ्यायच्या विचारात असेल, किंवा मोहल्ल्याची समिती, नगरपालिकेचा सदस्य त्याची मागणी करणार असेल, तर विक्रेत्याला पुढील प्रश्न विचारावेत.

१. आमच्या स्वतःच्या सांडपाण्याच्या नमुन्यावर चाचणी करून दाखवाल का? आधीचा आणि नंतरचा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा द्याल का?

२. पट्ट्या कोणत्या धातूच्या आहेत, किती दिवस टिकतात आणि नवीन केवढ्याला मिळतात?

३. हजार लिटरला वीज किती युनिट लागते?

४. रोज गाळ किती निघेल आणि तो कोण, कुठे नेईल?

५. हायड्रोजन बाहेर जाण्याची सोय कशी केली आहे?

६. साफ झालेले पाणी नाल्यात सोडायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जी संमती १९७४च्या कायद्याप्रमाणे लागते, तिच्या अटी या यंत्राने पुऱ्या होतील का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक विक्रेते तयार ठेवतात. चौथ्यावर ते अडखळतात. तिथे जो नीट, कागदावर उत्तर देईल त्याच्याशीच पुढचे बोलणे करावे.

प्रकाशाला किंवा सारंगखेड्याला बॅरेजच्या काठावर उभे राहिले की साठलेले पाणी शांत दिसते. त्यात कुणाच्या गटाराचा किती वाटा आहे, हे पाण्याकडे पाहून ओळखता येत नाही. आपल्या मोरीतून काय जाते, हे मात्र आपल्याला घरबसल्या पाहता येते. या महिन्यात प्रत्येक दुकानदाराने मोरीवर जाळी बसवली, प्रत्येक मशिदीने वुजूचे पाणी झाडाकडे वळवले आणि प्रत्येक घराने त्या चार दांड्यांच्या उपकरणाला दारातूनच परत पाठवले, तर एक पैसाही विजेवर खर्च न करता बरेच काम होईल. उरलेल्या घाणीसाठी वीज आहेच. पण ती लावणाऱ्याने गाळाची जागा आधी ठरवावी आणि यंत्राची ऑर्डर नंतर द्यावी.